गणपत मोरे, काट्यावर या

दसरा जवळ आला की मेहकर ते जानेफळ रस्त्याला एक वास येतो. तो गोड म्हणता येणार नाही. वाळलेल्या शेंगा, मळणीयंत्राचे तापलेले तेल आणि हवेत तरंगणारे कुटार, म्हणजे भुसा, यांचा तो मिळून झालेला असतो. दुचाकीवरून जाणाऱ्याच्या कॉलरमध्ये बारीक लव शिरते आणि घरी पोहोचेपर्यंत मान खाजत राहते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोंगून, म्हणजे कापून, रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या असतात, त्यांवर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या आणि ताडपत्र्यांवर दगड. कोणाशीही बोलायला थांबले तरी त्याचे अर्धे लक्ष आभाळाच्या कडेला असते. परतीचा पाऊस एका संध्याकाळी येतो आणि वाळत आलेला माल पुन्हा ओला करून जातो.

यंदाही हंगाम आला आहे. माझ्या संगणकावर सकाळपासून नोंदी येत आहेत. लोणार तालुक्यातल्या बीबीच्या सोयाबीन खरेदी केंद्रावरून एकीने कळवले आहे की नावे पुकारणाऱ्या भोंग्याचा आवाज दुपारनंतर बसतो. खामगावकडच्या पिंपळगाव राजाहून तक्रार आहे की उन्हात पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत. दुपारपर्यंत आणखी येतील. नोंदी येत राहणे हे या कामात चांगले लक्षण समजतात. ज्या दिवशी एकही आली नाही, त्या दिवशी फोन करून विचारावे लागते की सगळे ठीक आहे ना. ही सवय ज्या हंगामात लागली, तो हंगाम सोयाबीनच्या वासाबरोबर दरवर्षी परत येतो.

माझे काम सॉफ्टवेअर तपासण्याचे. त्याआधीची काही वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादकाच्या टेबलावर गेली. दोन्ही कामांत वाटतो तितका फरक नाही. दुसऱ्याने केलेले वाचायचे, चूक हेरायची, आणि ती ज्याने दुरुस्त करायची त्याला नीट कळेल अशा शब्दांत सांगायची. वृत्तपत्रात याची एक पद्धत होती. सकाळी छापून आलेल्या अंकावर लाल पेनाने चुकीभोवती गोल काढला जाई, समासात संबंधिताचे नाव लिहिले जाई आणि तो अंक फलकावर लागे. येणारा-जाणारा वाचत असे. चहावालाही वाचत असे. त्यामुळे चुका कमी झाल्या असे दिसले नाही. आपल्या हातून गेलेल्या मजकुराखाली आद्याक्षरे न लिहिण्याची सवय मात्र बहुतेकांना लागली.

सॉफ्टवेअरमध्ये त्या फलकाच्या जागी एक साधन असते. त्याला बग ट्रॅकर म्हणतात. दिसायला ते एका मोठ्या पाटीसारखे असते आणि पाटीवर रकाने असतात. काही बिघडलेले दिसले की पाहणाऱ्याने तिथे नोंद टाकायची: काय झाले, काय करताना झाले, काय व्हायला हवे होते. नोंद आधी ‘नवीन’ या रकान्यात बसते. कोणी तरी ती हातात घेतो, दुरुस्त करतो. मग तपासणारा पुन्हा पाहतो आणि खात्री पटली तर बंद करतो. नाही पटली तर ती पुन्हा उघडते. याहून अधिक त्यात काही नाही. पण एरवी जी चूक चहाच्या टपरीवरच्या कुरकुरीत विरून गेली असती, तिला त्या पाटीवर जागा मिळते. ती कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही आणि दुरुस्त झाल्याशिवाय तिथून हलत नाही.

तो हंगाम जानेफळच्या अलीकडच्या एका गावातला. तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून एक उत्पादक कंपनी काढली होती. गावाबाहेर पत्र्याचे गोदाम, पुढे काटा, काट्याशेजारी काचेची खिडकी असलेली छोटी खोली. खरेदीचे काम तोवर हाताने चाले. त्या वर्षी ते संगणकावर घ्यायचे ठरले. शेतकऱ्याने टोकन घ्यायचे, भोंग्यावर नाव पुकारले की गाडी काट्यावर आणायची, वजन आणि धान्यातला ओलावा आपोआप संगणकात यायचा आणि पावती बाहेर पडायची. ओलाव्याचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा होता. तो बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत.

हे सॉफ्टवेअर संदीप खंडारेने लिहिले होते. संदीप त्याच गावचा. पुण्यात चार-पाच वर्षे नोकरी करून तो परत आला होता आणि त्याने मेहकरमध्ये एका कृषी केंद्राच्या वरची खोली घेऊन दोन मित्रांबरोबर काम सुरू केले होते. उत्पादक कंपनीचे काम हे त्यांचे पहिले मोठे काम. ते आणखी कोणाच्या तरी डोळ्यांनी तपासून घ्यावे म्हणून त्याने मला बोलावले. पहिल्याच दिवशी, गाडी लावता लावता, त्याने सांगून टाकले, “ताई, खरं सांगतो. हे काम राह्यलं तं मेहकरात राहीन. नाई तं पुन्हा पुण्याचं तिकीट.” तो हसत म्हणाला, पण त्याने खोलीच्या मालकाला तसे कळवूनही ठेवले होते.

संगणकावर बसायचे काम गावातल्या दोघींना दिले होते. शोभाताई इंगळे पन्नाशीच्या, बचत गटाचा हिशेब सांभाळून हात बसलेला. वंदना तिशीच्या आतली, बारावी झालेली, बोलण्यापेक्षा हसणारी. संदीपने दोघींना पाटी दाखवली. काही अडले, चुकले, विचित्र वाटले, तर इथे लिहायचे. दोघींनी मान डोलावली. हंगाम सुरू होण्याआधी लवकर निघालेल्या मालावर काही दिवस चाचणी घ्यायची होती. चाचणी सुरू झाली. पाटी कोरी राहिली. दुसऱ्या दिवशी कोरी, तिसऱ्या दिवशीही कोरी.

यावर सर्वांत खूश होते ते कंपनीचे अध्यक्ष, प्रल्हादराव म्हस्के. गाव त्यांना भाऊ म्हणते. पांढरा सदरा, खिशात चष्मा, आवाज असा की मळणीयंत्र सुरू असतानाही ऐकू यावा. रोज सकाळी चहा घेताना ते मोबाईलवर पाटी उघडून पाहत. “साफ हाय,” ते म्हणत. “एकबी खोट नाई. आपल्या गावचं पोट्टं हाय म्हणा.” संचालकांच्या बैठकीत त्यांनी दुसरीही बाजू सांगून ठेवली होती. पाटी भरली तर पुण्याच्या एका कंपनीला विचारून ठेवले आहे, शेतकऱ्याच्या मालावर खेळ चालणार नाही. ही गोष्ट बैठकीतून गावात आणि गावातून शोभाताईंच्या गल्लीत पोहोचायला वेळ लागला नाही.

तपासणाऱ्याला कोरी पाटी आवडत नाही. नवीन सॉफ्टवेअर आणि एकही दोष नाही, असे सहसा होत नाही. म्हणून एक सकाळ मी काट्यापाशी काढली. लिंबाच्या सावलीत ट्रॅक्टर उभे होते. काही जण ट्रॉलीच्या कडेवर बसून शेंगदाणे खात होते. भोंग्यातून संगणकाचा बाईचा आवाज येत होता, एक-एक शब्द सुटा: “दत्तात्रय, इंगळे. काट्यावर, या.” दत्तात्रय इंगळे काट्यावर आले, वजन झाले, पावती घेऊन गेले. मग भोंगा म्हणाला, “गणपत, मोरे. काट्यावर, या.”

कोणी उठले नाही. काटा रिकामा राहिला. थोड्या वेळाने पुढच्याचे नाव आले, तो आला आणि गेला. मग पुन्हा गणपत मोरे. पुन्हा कोणी नाही.

रांगेला यात नवीन काही वाटत नव्हते.

“हा गणपत सकाळपासून येऊनच राह्यला,” एक जण म्हणाला.

“येते कुठं? नुसता पुकारा होते त्याचा.”

“मोठा कास्तकार दिसते बे. दर गाडीमांगं एक गाडी त्याची.”

“मंग दिसत काऊन नाई?”

“मोठ्या लोकायचा माल दिसत असते का कधी!”

हशा झाला. एका म्हाताऱ्याने ट्रॉलीवरून ओरडून सांगितले, “आला तं सांगा रे, एक चाय पाजीन म्हणतो. लय धावपळ होऊन राह्यली बिचाऱ्याची.” भोंगा पुन्हा म्हणाला, “गणपत, मोरे. काट्यावर, या.” आणि साऱ्या रांगेने एका सुरात उत्तर दिले, “आला, आला!”

खिडकीच्या आत जाऊन विचारले, “शोभाताई, हे गणपत मोरे कोण?”

“हायेत एक,” त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

“कुठले?”

“इकडलेच.”

“माल काय आणतात?”

वंदनाने ओढणी तोंडावर धरली आणि खांदे हलवत हसू लागली. शोभाताईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले आणि मग त्यांनाही हसू आवरेना. “आता काय लपवू बाप्पा,” त्या म्हणाल्या. “या ताई, बसा अठी. दाखवतो तुमाले.”

त्यांनी दाखवले ते असे. ओलावा मोजणारे यंत्र आकडा संगणकाला पाठवते, पण पाठवायला थोडा वेळ लावते. तो येण्याआधीच जतन करायचे बटण दाबले गेले, तर संगणक थांबत नव्हता आणि काही सांगतही नव्हता. आधीच्या शेतकऱ्याचा आकडा गुपचूप उचलून पुढच्याच्या नावावर लावत होता. ही गोष्ट दोघींच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली होती. त्यावर त्यांनी उपाय काढला. प्रत्येक दोन शेतकऱ्यांच्या मध्ये एक खोटा शेतकरी घालायचा. वजन शून्य, ओलावा शून्य. मग घाईत बटण दाबले गेले तरी पावतीवर शून्य येई, ते लगेच डोळ्यांत भरे आणि माप पुन्हा घेता येई. त्या शेतकऱ्याचे नाव वंदनाने ठेवले होते. गावात मोरे आडनावाचे घर नाही, एवढे तिने पाहिले होते. भोंग्याला मात्र खरा-खोटा कळत नव्हता.

“पण हे पाटीवर का नाही लिहिलंत?”

शोभाताईंनी खिडकीबाहेर बघून घेतले. “कोणाच्या नावावर लिहू? लिहिलं की खाली नाव येते, संदीप खंडारे. तेबी लाल अक्षरात. भाऊ सकाळी चाय पेता पेता तेच पाह्यते. त्याची माय माह्या भिंतीले भिंत लावून राह्यते, ताई. सकाळी नळावर भेटन तं तिले काय तोंड दाखवू? तुह्या पोराची तक्रार म्याच करून आली म्हणू?”

“आमी घेऊन राह्यलो न सांभाळून,” वंदना म्हणाली. “गणपत हाय.”

दोघींची घरे आणि संदीपचे घर बुद्धविहाराच्या मागच्या एकाच गल्लीत आहेत. तिथे कोणाविरुद्ध काही लिहून देणे म्हणजे ठाण्यात जाण्याइतकेच आहे. जे सांगायचे ते त्याच्या आईला सांगतात, तेही दुसऱ्या कोणाचे नाव घेऊन. पाटी तयार करणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे होते, कारण त्यातला एक जण त्याच गल्लीत वाढला होता. पण ‘सोपवलेला माणूस’, म्हणजे दुरुस्ती ज्याच्याकडे त्याचे नाव, हा रकाना जगभरच्या पाट्यांवर असतो. तो बाहेरून आला आणि जसाच्या तसा बसला.

पुढे मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांची कामे तपासताना असे अनेक गणपत भेटले. एका रुग्णालयात परिचारिका प्रत्येक नोंद दोनदा करत, कारण पहिली कधी कधी हरवे. एका बँकेच्या शाखेत सकाळी संगणक दोनदा सुरू करण्याची रीतच होती. कोणालाही विचारले की उत्तर एकच येई, चालते न. माणसांना दोषांची सवय होते, आणि सवय झालेला दोष पाटीवर कधीच येत नाही. आमच्या चमूत आजही नवीन ठिकाणी गेले की पहिला प्रश्न असतो, इथे गणपत कुठे आहे? नवी मुले गोंधळतात. मग त्यांना ही गोष्ट सांगावी लागते.

त्या दिवशी मात्र प्रश्न लगेच सोडवायचा होता. चाचणीच्या दिवसांत गाड्या मोजक्या होत्या, म्हणून गणपतला वेळ मिळत होता. खरा हंगाम सुरू झाला की रांग जानेफळ फाट्यापर्यंत जाणार होती. तेव्हा एखाद्या गाडीमागे गणपत राहून जाणार आणि कोणाच्या तरी वाळलेल्या सोयाबीनवर शेजाऱ्याचा ओला आकडा लागणार. तो माणूस माल घेऊन परत जाणार. दोष पाटीवर टाकला तर संदीपचे काम धोक्यात होते आणि न टाकला तर त्या अनोळखी माणसाचा माल. पाहिलेला दोष नोंदवायचा, यात तपासणाऱ्याला निवड नसते. पण आधी संदीपला सांगायचे ठरले.

तो गोदामात आला, त्याने सगळे ऐकले आणि तो एका भरलेल्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, बसला.

“काकू, हे कवापासून?”

“पह्यल्या दिवसापासून.”

“मंग मले काऊन नाई सांगितलं?”

“तू दिवसभर कामात. म्हटलं, लेकरू थकलं असन.”

“अन् त्याच्यात तुहं नाव येते, लाल,” वंदना म्हणाली.

संदीपने लॅपटॉप उघडून पाटी समोर घेतली. बाहेर कोणी तरी ट्रॅक्टर मागे घेत होते. मग तो म्हणाला, “तो लाल रंग म्याच देला हो काकू त्याले. पटकन दिसावा म्हून.”

“दिसला न पटकन,” शोभाताई म्हणाल्या. “आमाले बी दिसला, भाऊले बी दिसला.”

तिथेच बसून त्याने पाटी बदलली. माणसांच्या नावांचा रकाना काढला आणि त्या जागी वस्तू घातल्या: काटा, ओलावा, पावती, भोंगा, गावांची यादी. लाल रंग काढला. वरच्या बटणावर ‘तक्रार नोंदवा’ असे होते, तिथे ‘काय अडलं?’ असे लिहिले. मग लॅपटॉप शोभाताईंकडे सरकवला. “आता सगळं लिहा. जे जे दिसलं ते. काई हातचं राखू नोका.”

“अन् भाऊ?”

“भाऊचं मी पाहतो.”

ती दुपार अजून स्पष्ट आठवते. पत्रे तापले होते. कोपऱ्यात पंखा एका बाजूला मान वळवून अडकला होता. शोभाताई सांगत होत्या, वंदना टंकत होती, मध्येच भांडत होत्या की हे आधी झाले की ते. पहिली नोंद अर्थातच ओलाव्याची, शोभाताईंच्या नावे उघडलेली. नंतर एकामागून एक. पावतीवर पिंपळगाव राजा मावत नाही, राजा तुटते. गावांच्या यादीत बीबीवर बोट ठेवले की खालचेच गाव लागते. धुळीच्या बोटाने दाबले तर पडदा ओळखत नाही. वीज गेली की भोंगा पुन्हा पहिल्यापासून पुकारायला लागतो. दोघींचे चेहरे हळूहळू मोकळे होत गेले. इतके दिवस त्या हे सगळे डोक्यात घेऊन वावरत होत्या.

पिंपळगाव राजाच्या नोंदीपुढे तीव्रता ‘किरकोळ’ लिहावी की नाही यावर चर्चा झाली. नियमाप्रमाणे ती किरकोळच. वजन बरोबर, ओलावा बरोबर, फक्त एक शब्द कमी. पण तिकडून जावयाच्या गाडीत माल घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी पावती परत केली होती. “पिंपळगाव तं पन्नास असतीन,” ते म्हणाले होते, “माह्यं गाव कोणतं ते तं लिहा.” तीव्रता किरकोळ राहिली, निकड, म्हणजे किती लवकर दुरुस्त करायचे ते, वाढवली. हे दोन रकाने वेगळे का असतात, हे पुस्तकातून इतके स्वच्छ समजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चहा अर्धवट टाकून गोदामात आले. मोबाईल हातात, चष्मा कपाळावर.

“संदीप! काल परवालोक पाटी साफ होती. एका रातीत हे काय झालं?”

“एका रातीत नाई झालं भाऊ. होतंच. आता लिहिलं.”

“म्हंजे इतके दिवस खोटं सॉफ्टवेअर चालून राह्यलं?”

“खोटं नाई, कच्चं होतं. आता कुठं काय कच्चं हाय ते समजलं.”

“मी संचालकायले काय सांगू? कालपर्यंत सांगतलं एक नंबर हाय. आता पुण्याच्या लोकायले फोन लावू का?”

शोभाताई खोलीतून बाहेर आल्या, पदराला हात पुसत. “लावा न फोन,” त्या म्हणाल्या. “पण भाऊ, एक सांगा. तुमी कट्टा घेता तवा परखी लावता का नाई?”

परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतले धान्य बाहेर काढून पाहायची पोकळ सळई. ती तळापर्यंत घातल्याशिवाय भाऊ कोणाचा माल घेत नाहीत, हे तालुक्याला ठाऊक आहे.

“लावतो. मंग?”

“परखीतून खडा निंगाला तं परखी फेकून देता का?”

भाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पटले असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही. नुसत्या बोलण्याने पटणाऱ्यांपैकी ते नाहीत. “बरं,” ते म्हणाले. “सोमवारी खरेदी चालू होते. पह्यल्या दिवशी माह्यं सोयाबीन येईन. माह्या पुढं जो सगळ्यात वल्ला असन त्याले लावा. अन् तो तुमचा कोण, गणपत, त्याले घरी ठेवा. माह्या मालावर त्या वल्ल्याचा आकडा लागला, तं मंग बोलून फायदा नाई.” आणि ते गेले.

मधल्या दिवसांत मेहकरच्या खोलीतून नोंदी एकेक करून ‘दुरुस्त’ या रकान्यात येत राहिल्या. यादीतले बीबी जागेवर आले. राजा पावतीवर मावला, त्यासाठी अक्षर थोडे लहान करावे लागले. ओलाव्याच्या नोंदीवर संदीपने दोनदा दुरुस्त म्हणून लिहिले आणि शोभाताईंनी दोन्ही वेळा पुन्हा उघडली. एकदा आकडा यायच्या आधी पावती निघाली, एकदा आकडा आला पण पुसट. ‘पुन्हा उघडले’ ही खूण दिसली की काम करणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. संदीपच्याही येत असेल. पण तो प्रत्येक वेळी खाली एवढेच लिही, “बरोबर आहे काकू, पाहतो.” हे वाचताना वृत्तपत्रातला फलक आठवत राहिला. तिथे उत्तर लिहायला जागा नव्हती.

सोमवार उजाडला तो स्वच्छ. आदल्या संध्याकाळी पाऊस येऊन गेला होता, त्यामुळे ओल्या मालाची कमतरता नव्हती. ताडपत्री फाटलेल्या एका ट्रॉलीतून अजून पाणी ठिबकत होते. तीच भाऊंच्या पुढे लावली. तिच्या मालकाला आधीच सांगितले होते की आज परत जावे लागेल. तो म्हणाला, “जातो न. पण पाहून जातो.” भाऊंचे सोयाबीन गच्चीवर वाळवलेले, हातात घेतले तर खुळखुळ वाजणारे. सकाळीच त्यांनी ते दुसऱ्या यंत्रावर मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला होता. कोणी शिकवले नसताना त्यांनी तपासणीचे पहिले तत्त्व पाळले होते. उत्तर काय यायला हवे, ते आधी ठाऊक असावे.

ओली गाडी झाली. आकडा बाराच्या बराच वर. भोंग्याने भाऊंचे नाव पुकारले. रांगेतून कोणी तरी विचारले, “आज गणपत नाई का?” दुसऱ्याने सांगितले, “त्याचं सोयाबीन संपलं.” भाऊ हसले नाहीत. ते ट्रॅक्टरवरून उतरले आणि थेट खिडकीशी येऊन उभे राहिले. संदीप दाराजवळ होता.

शोभाताईंनी मुद्दाम घाई केली. यंत्रात दाणे पडल्याबरोबर त्यांनी जतन करायचे बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. पावती नाही, आकडा नाही. पडद्यावर एक चाक फिरत होते.

“अडकलं,” भाऊ म्हणाले. “पह्यल्याच दिवशी अडकलं.”

संदीप पुढे आला नाही. हात मागे बांधून तो तसाच उभा राहिला.

“अडकलं नाई भाऊ,” शोभाताई म्हणाल्या. “थांबलं. आधी थांबत नव्हतं, तेच तं दुखणं होतं. आता आकडा आल्याबिगर हलत नाई.”

चाक फिरायचे थांबले. आकडा आला. त्यानंतर पावती बाहेर पडली. भाऊंनी खिशातली चिठ्ठी काढली, दोन्ही शेजारी धरले, चष्म्यातून पाहिले आणि चिठ्ठी फाडून टाकली.

“करा मंग बंद ते,” ते म्हणाले.

“नाई,” शोभाताई म्हणाल्या.

“आता काऊन?”

“म्या उघडली, मीच बंद करीन. रीत हाय तशी. एका गाडीनं काय समजते? वल्ल्यामांगं कोरडी झाली. आता कोरड्यामांगं वल्ली येऊ द्या. मंग दोन वल्ल्या एकामांगं एक.”

हा नियम सगळीकडे आहे. ज्याने दोष उघडला त्यानेच तो बंद करायचा, दुरुस्त करणाऱ्याने नाही आणि घाई असलेल्या वरिष्ठानेही नाही. मोठ्या कार्यालयांत तो वारंवार मोडताना पाहिला आहे. त्या खोलीत अध्यक्षांनी तो मोडू नये म्हणून शोभाताईंखेरीज कोणालाही काही बोलावे लागले नाही. वंदनाने खुर्ची पुढे केली आणि भाऊ बसले. गाड्या येत गेल्या. कोरडी, मग ओली, मग ओली. उन्हाचा पट्टा खिडकीतून सरकत भिंतीपर्यंत गेला. चहा आला, भाऊंनी बशीत ओतून घेतला. प्रत्येक पावती शोभाताई आधी स्वतः वाचत, मग त्यांच्याकडे देत. काही वेळाने भाऊ आकडा यायच्या आधी अंदाज सांगू लागले. बरोबर आला की मांडीवर थाप मारत. चुकला की यंत्राकडे संशयाने बघत.

दुपार कलली तेव्हा शोभाताईंनी पाटी उघडली. ओलाव्याच्या नोंदीवर बोट ठेवले, संदीपकडे एकदा पाहिले आणि ती बंद केली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर पुढचे नाव पुकारले गेले होते.

भाऊ उठले, टोपी झटकली. “संदीप.”

“हो भाऊ.”

“हरभरा फेब्रुवारीत येते. त्याचं कवा चालू करतं?”

“दिवाळी झाली की बसतो.”

“दिवाळी कायले पाह्यतं? पुढच्या हप्त्यात ये. अन् पह्यल्या दिवसापासून शोभाले सोबत बसव. काय अडते ते तिले ठाऊक असते.”

ते ट्रॅक्टरवर चढले. संदीप गोदामाच्या मागच्या बाजूला गेला, जिथे भोंग्याचा आवाज कमी येतो. त्याने फोन लावला. पलीकडून मेहकरच्या खोलीचे मालक बोलत असावेत. तो म्हणाला, “काका, ते खोलीचं... कोणाले देली तं नाई न? नोका देऊ. हाव, राहून राह्यलो म्या.”